दतिया दरवाजा, कापूस आणि अमेरिका

झांशी शहराचा जुना तट आता सलग उभा नाही. कोठे तो घरांच्या आड गेला आहे, कोठे नाहीसा झाला आहे. दरवाजांची नावे मात्र लोकांच्या तोंडी जशीच्या तशी राहिली आहेत. ओरछा, उनाव, भांडेर, बडागाव, सागर, दतिया. वाट ज्या गावाला जाते त्या गावाचे नाव दरवाजाला द्यावे, असा हा सरळ व्यवहार होता. बुंदेल्यांच्या दतिया संस्थानाकडे जाणारी वाट ज्या दरवाजातून निघे, तो दतिया दरवाजा. आजचा झांशीकर त्याला ‘दतिया गेट’ म्हणतो, आणि रिक्षावाल्यास तेवढे सांगितले म्हणजे पुरते.

मराठी प्रवासी झांशीस येतो तो बहुधा राणीसाहेबांच्या ओढीने. किल्ला पाहावा, राणीमहाल पाहावा, तळ्याकाठचे महालक्ष्मीचे देऊळ आणि गंगाधररावांची छत्री पाहावी, आणि परतीची गाडी धरावी. दतिया दरवाजाशी थांबण्याचे त्याला कारण नसते. वाचकहो, आज आपण तेथेच थोडे थांबणार आहोत आणि तेथून अमेरिकेच्या इतिहासाकडे पाहणार आहोत. हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. घरात जगाचा नकाशा असेल तर तो मुलांपुढे पसरावा, एक बोट झांशीवर ठेवावे आणि दुसरे मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यावर. मध्ये महासागर आहेत, खंडे आहेत. तरीही गेल्या शतकाच्या मागील शतकात ही दोन बोटे एकाच धाग्याने बांधली गेली होती. आणि तो धागा कापसाचा होता.

बुंदेलखंडाच्या जमिनींना तेथील शेतकऱ्याने स्वतःची नावे दिली आहेत: मार, काबर, पडुआ, राकड. त्यांतील मार म्हणजे आपल्या काळ्या रानाची सख्खी बहीण. पाऊस झाला की फुगणारी, उन्हात भेगा पाडणारी, ओल धरून ठेवणारी. ह्या रानात कापूस पुरातन काळापासून होत आला. झांशी जिल्ह्यातील मऊरानीपूर येथे ‘खारुआ’ नावाचे जाड कापड विणून आल नावाच्या झाडाच्या मुळीच्या रंगात लाल रंगवीत, आणि ते दूरदूरच्या बाजारांत जाई. झांशीच्या ईशान्येस यमुनेच्या काठी काल्पी ही कापसाची मोठी पेठ होती. मराठी वाचकाला काल्पी ठाऊक आहे ती इ. स. १८५८ च्या त्या दौडीमुळे; झांशी पडल्यावर राणीसाहेब घोड्यावरून रावसाहेब पेशवे आणि तात्या टोपे ह्यांच्याकडे गेल्या त्या काल्पीलाच. परंतु त्याआधी कितीतरी वर्षे ईस्ट इंडिया कंपनीचे लक्ष त्या गावावर होते, ते कापसाच्या गासड्यांसाठी.

हा मुलूख आपल्याला परका नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. छत्रसालाने बाजीराव पेशव्यांना राज्याचा वाटा दिल्यापासून बुंदेलखंडात मराठी घरे आली. गोविंदपंत बुंदेले हे मूळचे खेर. त्यांच्या वंशजांनी जालौन, काल्पी, सागर ह्या भागांत कारभार केला. झांशीत नेवाळकर आले. ह्यांतील जालौनचे संस्थान वारस नाही म्हणून कंपनीने इ. स. १८४० मध्ये खालसा केले. आणि त्याच वर्षी ह्या प्रदेशाकडे काही अमेरिकन गृहस्थ येऊ लागले.

हे गृहस्थ कोण? इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस त्या काळी मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई. एकाच देशावर एवढे अवलंबून राहणे बरे नव्हे, ही चिंता मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना सतत सतावीत असे. हिंदुस्थानात कापूस पुष्कळ, पण त्याचा धागा आखूड आणि मालात कचरा, अशी त्यांची तक्रार. तेव्हा कंपनीने कॅप्टन बेल्स नावाच्या अधिकाऱ्यास अमेरिकेत पाठविले, आणि त्याने तेथील दहा अनुभवी मळेवाले नेमून, त्यांच्याबरोबर बियाणे, अवजारे व सरकी काढण्याची करवतीच्या दात्यांची यंत्रे आणविली. त्या दहांपैकी काही मुंबई इलाख्यात गेले, काही मद्रास इलाख्यात, आणि काही गंगा-यमुनेच्या दोआबात व बुंदेलखंडात.

‘मळेवाला’ हा शब्द लिहिताना लेखणी थोडी अडखळते. भाषांतराचे काम करणाऱ्याला असे प्रसंग रोज येतात. आपला मळेवाला म्हणजे विहिरीवर मोट धरणारा, भाजीला पाणी देणारा, हातापायांना माती लागलेला माणूस. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळेवाला तसा नव्हता. त्याच्या हजारो एकरांवर वेचणी करणारे हात विकत घेतलेले होते. आफ्रिकेतून जहाजांच्या तळघरांत कोंबून आणलेल्या माणसांची ती लेकरे-नातवंडे. त्यांची खरेदी-विक्री होई, गहाण-तारण होई. नवऱ्याला एका बाजारात आणि बायकोला दुसऱ्या बाजारात विकले तरी कायद्याची आडकाठी नव्हती. दुसरा बरा शब्द सापडत नाही म्हणून मळेवाला म्हणावयाचे. पण वाचकाने त्या शब्दामागे हे सारे धरून चालावे.

ह्या व्यवस्थेचे आणि अमेरिकेच्या जन्माचे कोडे मोठे विलक्षण आहे. दिनांक ४ जुलै १७७६ रोजी त्या राष्ट्राने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, हे त्यात प्रारंभीच सांगितले. तो मसुदा लिहिणारे टॉमस जेफर्सन स्वतः शेकडो गुलामांचे धनी होते. पुढे १७८७ मध्ये राज्यघटना तयार झाली तेव्हा गुलाम हा शब्दच तीत टाळला. परंतु प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलामांची तीन माणसे धरावी, आणि गुलाम आणण्याचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करू नये, ह्या तरतुदी मात्र घातल्या. अनेकांना वाटत होते की ही प्रथा हळूहळू आपोआप विझेल. ती विझली नाही, ह्याला एक यंत्र कारण झाले. एलाय व्हिटनी ह्याने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र केले. आपल्याकडे बायका रेच्यावर दिवसभर बसून जेवढी रुई मोकळी करीत, तिच्या कितीतरी पट रुई ते यंत्र काढी. रुई झटपट निघू लागताच कापसाखालची जमीन वाढली, जमीन वाढताच वेचणीला हात हवे झाले. १७९० च्या शिरगणतीत त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ३९ लाखांवर गेले. यंत्राने माणसाचे कष्ट कमी होतात असे आपण मुलांना शिकवितो. ते पुष्कळदा खरेही असते. येथे ते खरे ठरले नाही.

तर अशा देशातून आलेले हे अनुभवी गृहस्थ बुंदेलखंडाच्या रानात उभे राहिले. त्यांनी आपल्या पद्धतीने सऱ्या पाडल्या, आपले बी पेरले. मिसिसिपीच्या काठी पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. बुंदेलखंडात तो चार महिन्यांत पडून जातो आणि पुढे आकाश कोरडे राहते. परदेशी रोपटे पावसात माजले आणि पाणी तुटताच वाळले. पुढे लू सुटल्यावर काय राहावयाचे? प्रयोग फसला. मर्सर नावाचे त्यांच्यापैकी एक गृहस्थ तेथून धारवाडकडे पाठविले गेले, आणि हुबळीजवळ कुसुगल येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने नवे शेत घातले. तेथे बी लागले! धारवाडास परतीचा पाऊसही मिळतो; ‘धारवाड-अमेरिकन’ ह्या नावाने तो कापूस पुढे बाजारात प्रसिद्ध झाला आणि शेतकऱ्यांनी तो आपणहून हजारो एकरांत लावला.

ह्या मर्सर साहेबांचे आम्हांस कौतुक वाटते. एवढ्या लांबून, एवढ्या पगारावर आणलेल्या माणसाने शेवटी कंपनीला जे सांगितले ते असे की, सरकारी प्रयोगशेते हा निव्वळ फुकट खर्च आहे. अमेरिकन पद्धत ह्या देशाला मानवत नाही. येथील शेतकरी आपली जमीन व आपले हवापाणी जाणतो, आणि कोणत्याही युरोपियनापेक्षा तो चांगली व स्वस्त शेती करतो. तेव्हा शेते बंद करावी. आपलीच नोकरी अनावश्यक आहे असे वरिष्ठांना लेखी कळविणारा अधिकारी कोणत्याही काळी दुर्मिळच.

ह्यानंतरची पंधरा वर्षे आपल्या परिचयाची आहेत, म्हणून त्यांवरून झरझर जाऊ. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले, १८५४ मध्ये झांशी खालसा झाली. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजचे सैन्य तटासमोर आले, आणि ३ एप्रिल रोजी ते शहरात घुसले. पुढील दिवसांत शहरात जी कत्तल आणि लूट झाली तिचे वर्णन वरसईचे विष्णुभट गोडसे ह्यांनी ‘माझा प्रवास’ ह्या पुस्तकात करून ठेविले आहे. ते वाचल्यावर ह्या शहरातील कोणत्याही गल्लीतून नुसते सहज चालता येत नाही. जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ राणीसाहेब पडल्या.

आता एक फारशी ठाऊक नसलेली गोष्ट. इ. स. १८६१ मध्ये इंग्रजांनी झांशी शहर शिंद्यांना देऊन टाकले आणि जिल्ह्याचे ठाणे तटाबाहेर, झांशी-नवाबाद म्हणून नवे वसविले. म्हणजे दतिया दरवाजाच्या आत ग्वाल्हेरचे मराठी राज्य आणि बाहेर काही अंतरावर इंग्रजांची कचेरी, अशी स्थिती जवळजवळ २५ वर्षे होती. ग्वाल्हेरचा किल्ला व मुरार छावणी शिंद्यांना परत देऊन १८८६ मध्ये इंग्रजांनी शहर पुन्हा घेतले. शहर आणि जिल्हा असे तुटले, त्याच १८६१ साली तिकडे अमेरिकाही दोन ठिकऱ्यांत तुटली होती.

अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये अध्यक्ष निवडून आले. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही, एवढेच त्यांच्या पक्षाचे त्या वेळचे म्हणणे होते. तेवढेही दक्षिणेतील राज्यांना सोसले नाही, आणि ती एकामागून एक फुटून निघाली. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे मेली. प्रारंभी लिंकन म्हणत होते की हे युद्ध राष्ट्र एकत्र राखण्यासाठी आहे. परंतु मळ्यांतून पळून उत्तरेच्या सैन्याकडे येणाऱ्या हजारो गुलामांनी आपल्या पायांनीच त्या युद्धाचा अर्थ बदलून टाकला. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन ह्यांनी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला, आणि युद्ध संपल्यावर १८६५ च्या डिसेंबरात घटनेची तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी साऱ्या देशातून कायद्याने नष्ट झाली. लिंकन हे पाहावयास उरले नव्हते. एप्रिलमध्येच त्यांचा खून झाला होता.

युद्ध सुरू होताच उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. इंग्लंडच्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक ज्या देशातून येई, तेथून गासडी येईनाशी झाली. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, लाखो मजूर बेकार झाले. तशाही स्थितीत १८६२ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या कामकऱ्यांनी सभा भरवून लिंकन ह्यांना पाठिंब्याचे पत्र धाडले, आणि लिंकन ह्यांनी त्याला उत्तर दिले. गिरणीवाल्यांचे डोळे मात्र हिंदुस्थानाकडे लागले. १८६० मध्ये ब्रिटनला लागणाऱ्या कापसाचा सहावा हिस्सा हिंदुस्थानातून जात होता. १८६२ मध्ये चारपैकी तीन हिस्से जाऊ लागला. भाव चौपट झाला.

मुंबईत त्या दिवसांत काय उसळले ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून काही घरांत अजून ऐकू येते. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग कागदावरच दसपट झाले. प्रेमचंद रायचंद ह्यांच्या एका शब्दावर बँका कर्ज देत. लढाई संपल्याची बातमी आली आणि १८६५ च्या जुलैत तो सारा डोलारा कोसळला. मुंबईच्या ह्या सट्ट्याबद्दल खूप लिहिले गेले आहे. ज्याच्या शेतातून ती गासडी निघाली, त्याच्याबद्दल कमी.

बुंदेलखंडात आणि दख्खनेत, दोन्हीकडे, त्या चार-पाच वर्षांत शेतकऱ्याच्या हाती कधी नव्हे एवढा पैसा दिसला. सावकार उंबऱ्यावर येऊन कर्ज देऊ लागला, कारण कापसाच्या भावावर त्याचा विश्वास होता. भाव पडताच तोच सावकार खत काढून बसला. शेतसारा मात्र भावाबरोबर उतरला नाही. झांशी जिल्ह्यात पुढे १८६८-६९ चा दुष्काळ आला; त्यातच कांस नावाचे चिवट गवत चांगल्या काळ्या रानात शिरले, ज्याच्या मुळ्या नांगराला दाद देत नाहीत. एकट्या कापसाने हे सारे घडविले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. दुष्काळ, गवत, साऱ्याचा बोजा, १८५७-५८ ची लूट, सगळ्यांचे हात त्यात आहेत. परंतु अमेरिकेतील भावाने दाखविलेली ती उंच पायरी नसती, तर घसरणही एवढी खोल झाली नसती. झांशीच्या जमीनदारांच्या कर्जापायी सरकारला १८८२ मध्ये खास कायदा करावा लागला. तिकडे पुणे जिल्ह्यात सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खते व वह्या ओढून काढून जाळल्या. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाला त्यामागे अमेरिकन युद्धातील तेजी-मंदी दिसली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. झांशीचा कर्जबाजारी ठाकूर आणि सुप्याचा कुणबी ह्यांनी एकमेकांचे नाव ऐकले नव्हते, आणि मिसिसिपीचेही नाही.

अमेरिकेकडून ह्या वाटेने आलेली एक गोष्ट येथवर सांगितली. दुसरी पुण्यातच उतरली, सुप्याच्या उठावाच्या दोन वर्षे आधी, आणि ती घेणारा माणूस शेतकऱ्याच्याच पोटचा होता.

जोतीराव फुले ह्यांनी तरुणपणी टॉमस पेन ह्यांचे माणसाच्या हक्कांविषयीचे पुस्तक वाचले होते. पेन जन्माने इंग्रज. १७७४ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १७७६ च्या जानेवारीत त्यांनी काढलेल्या एका छोट्या पुस्तकाने तेथील सामान्य माणसाच्या मनात स्वातंत्र्याची गोष्ट उतरविली. राजाचा मुलगा म्हणून राजा, हे त्यांना पटत नसे. जन्मावरून माणसाची जागा ठरते हे ज्या मुलाला पुण्याच्या रस्त्यावर पावलोपावली ऐकावे लागत होते, त्याला हे वाचून काय वाटले असेल, ते सांगावयास नको. १८४८ मध्ये जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. त्याची अर्पणपत्रिका अनेकांनी वाचली नसेल. ती कोणा संस्थानिकाला नाही, कोणा गुरूला किंवा देवतेलाही नाही. गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतील सज्जन लोकांना तो ग्रंथ अर्पण केलेला आहे, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांना दास्यातून सोडविताना तो कित्ता गिरवावा अशी इच्छा तीत व्यक्त केली आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज निघाला.

ह्या अर्पणपत्रिकेकडे थोडे नीट पाहावे. जोतीराव अमेरिकेस कधी गेले नाहीत. त्यांनी तो देश डोळे दिपून पाहिला नाही. त्यातील त्यांना हवी ती एक गोष्ट त्यांनी उचलली. एक समाज आपल्याच अन्यायावर शस्त्र धरू शकतो, ह्याचा त्यांना पुरावा हवा होता आणि तो त्यांना तेथे मिळाला. पुस्तकाचे नावही त्यांनी असे ठेविले की, इकडच्या वाचकाने आपल्या घराकडे नव्या डोळ्यांनी पाहावे. गुलाम हा आपल्या बोलीत पूर्वीपासून असलेला शब्द. पण तोवर तो दुसऱ्या कोणाविषयी होता.

पुढे अमेरिकेने त्या स्तुतीचे काय केले, हेही लपविणे बरे नाही. घटनेची चौदावी व पंधरावी दुरुस्ती होऊन मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि मतदानात वंशभेद नसल्याची हमी मिळाली. काही वर्षे त्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळांत बसलेही. परंतु १८७७ नंतर उत्तरेचे सैन्य दक्षिणेतून निघाले आणि जुने मालक नव्या कायद्यांनिशी परतले. आगगाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ म्हणून ह्यावर शिक्का मारला, आणि तो शिक्का त्याच न्यायालयाने शाळांपुरता १९५४ मध्ये पुसला. १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदानाचा कायदा येईपर्यंत लिंकन ह्यांच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षे होऊन गेली होती. आणि प्रश्न त्यानेही संपला, असे तेथील कृष्णवर्णीय मानीत नाहीत.

पाण्याचे नळ वेगळे, हे वाचून ज्या मराठी माणसाला काही नवे वाटले नसते, तो १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला उतरला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. जॉन ड्यूई ह्यांचे विचार त्यांनी तेथे ऐकले व आयुष्यभर जवळ बाळगले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम. पुढे अनेक वर्षांनी, १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विद्वान डू बॉइस ह्यांना एक पत्र लिहिले. तुमची आणि आमची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास केलाच पाहिजे, असा त्याचा आशय. आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. डू बॉइस ह्यांनी जुलै संपता संपता उत्तर धाडले: आपले नाव मी ऐकून आहे, आणि हिंदुस्थानातील अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेला अमेरिकेतून लेखी पोच अशी ७३ वर्षांनी आली. आणि ती देणारा माणूस, ज्यांना ती अर्पण होती त्यांच्यातला नव्हता, ज्यांच्यासाठी ती लिहिली होती त्यांच्यातला होता.

आता पुन्हा झांशीच्या दरवाजाशी येऊ. बुंदेलखंडातून कापूस जवळजवळ गेला. विदर्भ-मराठवाड्यात मात्र आज जो कापूस दिसतो तो बहुतेक सारा अमेरिकन जातीचा. देशी कापूस शोधावा लागतो. २००२ मध्ये जालन्याच्या एका बियाणे कंपनीमार्फत अमेरिकन तंत्राचे बीटी बियाणे आले. प्रथम फवारण्या कमी झाल्या, पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. त्या बियाण्याची कहाणी ह्या लेखात मावणारी नाही. मर्सर साहेबांचे पत्र मात्र ती वाचताना आठवते.

झांशी जिल्ह्याच्या रानात आज गहू, हरभरा, वाटाणा, उडीद, तीळ आणि भुईमूग होतो. भुईमुगासाठी तर हा जिल्हा उत्तर प्रदेशात नावाजलेला आहे. थंडीच्या दिवसांत दतिया गेटजवळ गाडीवर शेंगा भाजीत उभा असलेला माणूस आपल्याला भेटला, तर त्याच्याकडून एक पुडा जरूर घ्यावा. ही शेंग मूळची दक्षिण अमेरिकेची, आणि हिंदुस्थानात येऊन आपलीशी झालेली.

ह्या शेंगेशी जोडलेले एक नाव मराठी घरांत नव्याने सांगावे लागत नाही. गुलामगिरीच्या अगदी अखेरच्या दिवसांत, सुमारे १८६४ साली, मिसूरी राज्यात एक मूल जन्मले. दरोडेखोरांनी त्याला त्याच्या आईसह पळविले. आई परत मिळालीच नाही, आणि मूल एका घोड्याच्या बदल्यात मालकाकडे परत आले. तेच पुढे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर झाले. १८९६ मध्ये ते टस्कीगीच्या विद्यालयात आले, तेव्हा दक्षिणेची जमीन पिढ्यान्‌पिढ्यांच्या कापसाने चिपाड झालेली होती. मुक्त होऊनही कर्जात रुतलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे ते गाडी घेऊन जात आणि सांगत की कापसामागून कापूस लावू नका. भुईमूग लावा, चवळी लावा, रताळी लावा. जमीन सुधारेल आणि घरात खावयाला राहील. वीणा गवाणकर ह्यांनी १९८१ मध्ये ‘एक होता कार्व्हर’ लिहिले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात असे वाचनालय क्वचितच असेल की जेथे त्याची पाने हाताळून मऊ झालेली प्रत नाही.

घरात ते पुस्तक असेल तर शेंगा सोलता सोलता मुलांना त्यातले पहिले काही भाग वाचून दाखवावे. नकाशा अजून उघडाच असेल. मिसूरी मिसिसिपीच्या पश्चिम काठाला आहे, सापडावयास वेळ लागणार नाही.